मामीची नोटीस

मुलुंड पूर्व
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. तुला फोन करायचा म्हणजे आमच्या अख्ख्या इमारतीला बातमी. मी इकडून ओरडायचं, तू तिकडून "काय? कोण?" करायचं, आणि शेवटी मामीने फोन घेऊन तुझ्या कानाशी परत ओरडायचं. कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या धाडधाडीने तुझे कान खाल्ले, डोळे तरी शाबूत ठेवलेत. म्हणून हे पत्र. शिवाय गोष्ट लाजेची आहे, ती ओरडून सांगण्यासारखी नाही.

ऑफिसची वाट लागली आहे रे. वकिली बरी चाललीये, कामाला तोटा नाही, पण काम संपतच नाही. फायली टेबलावर, फायली खिडकीत, फायली अशिलांच्या खुर्चीत. अशील उभे राहतात. माझी टायपिस्ट अस्मिता एका मसुद्यात शिरली की मी तिला दुसऱ्यात ढकलते, आणि बाहेर कोणीतरी विचारत असतं, "मॅडम, आमचं कुठवर आलं?" कुठवर आलं ते मलाही माहीत नसतं.

परवा सामंतकाका-काकू मृत्युपत्रावर सही करायला आले. मी मोठ्याने वाचून दाखवत होते. वाचता वाचता काकांनी आपला फ्लॅट "माझे प्रिय बंधू पीटर" यांना देऊन टाकला. दुसऱ्या अशिलाच्या जुन्या मसुद्यावरून नवा केला आणि पीटर आतच राहिला. काका म्हणाले, "पीटर कोण?" काकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तेच विचारतेय मी. पीटर कोण?" संसार मोडता मोडता राहिला.

तू कारखान्यात ते लीन मॅनेजमेंट करायचास ना? जपानी साहेबांनी शिकवलेलं? रिटायर होऊन घरीच आहेस, तर भाचीला शिकव. मामीला नमस्कार. तिच्या हातचे घावणे स्वप्नात येतात.

तुझी,
ऋतिका

*

गोराई, बोरिवली
१० नोव्हेंबर २०२४

चि. ऋतिका हिस अनेक आशीर्वाद.

पीटर वाचून मी एवढा हसलो की मामी पोळपाट सोडून बघायला आली. तिलाही वाचून दाखवलं.

आता नीट वाच. पहिली गोष्ट, एक दिवस काही करू नकोस. कोपऱ्यात उभी राहा आणि तुझ्या फायलींकडे बघ. काम होतं कमी, फाईल झोपून राहते जास्त. त्या झोपेला आमच्याकडे फुकटचा खर्च म्हणत. दुसरी, भिंतीवर फळा लाव. तीन रकाने: आलेलं, चाललेलं, अडलेलं. चाललेल्यात थोडीच कामं ठेव. एक बाहेर पडलं की दुसरं आत घे. ढकलाढकली बंद.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात प्रिय. आमच्या लाईनवर एक दोरी होती. अगदी काल लागलेल्या पोराला जरी वाटलं की काही चुकतंय, तरी त्याने दोरी ओढायची. घंटा वाजायची, लाईन थांबायची, आणि सुपरवायझर म्हणजे मी, हातातलं टाकून धावायचो. दोरी ओढणाऱ्यावर कोणी डाफरायचं नाही, हा नियम. चौथी, चूक सापडली की पाच वेळा 'का' विचार. पहिल्या 'का'ला माणूस दुसऱ्याचं नाव सांगतो. पाचव्याला खरं बोलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय कामाचं आणि काय फुकटचं हे गिऱ्हाईक ठरवतं, आपण नाही.

मी स्वतः गप्प बसलेलो नाही. आमच्या स्वयंपाकघरात काम सुरू केलंय. ओट्यामागच्या भिंतीवर कढई, पळी, झारा, सगळ्यांची बाहेरची रेघ रंगाने काढली. वस्तू जागेवर नसली की भिंतच सांगते. डब्यांना नावं लावली. जे महिनाभर वापरलं नाही त्यावर लाल पट्टी चिकटवायची आणि पोटमाळ्यावर टाकायचं. बिडाचा तवा, रोवळी, दोन पातेली गेली. मामी खूश दिसते. एका शब्दाने बोलली नाही.

तुझा,
जयवंतमामा

*

मुलुंड पूर्व
२ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

झकास! तुझं तोंड गोड करायला हवं.

एक दिवस कोपऱ्यात उभी राहिले. अस्मिताला वाटलं माझी तब्येत बिघडली. पण दिसलं ते असं, की निम्म्याहून जास्त फायली मसुद्यामुळे नाही, कागदामुळे अडल्या होत्या. कुणाचा वारसदाखला यायचा होता, कुणाचा मिळकतीचा उतारा. आणि मी तो मागितलाच नव्हता! एक कागद मागायचा, तो आला की दुसरा आठवायचा. आता अशील पहिल्यांदा येतो तेव्हाच काय काय आणायचं ते सगळं एकदम सांगते. 'अडलेलं'चा रकाना रोज आक्रसतोय आणि खुर्च्यांवर माणसं बसतायत.

दोरी बांधायला जागा नव्हती म्हणून अस्मिताने शाळेच्या शिपायाकडे असते तशी पितळी घंटा आणली. मसुद्यात काही खटकलं की वाजवायची. पहिल्या दिवशी तिला भीती वाटली. मग तिने माझ्याच भाडेकरारात भाडेकरूला घरमालक केलेलं पकडलं आणि घंटा अशी बडवली की शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. मी डाफरले नाही, पेढा दिला. आता ती हक्काने वाजवते. परवा मी जेवायला विसरले म्हणूनही वाजवली.

सामंत पुन्हा आले. या वेळी मी आधी 'का' विचारत गेले. मृत्युपत्र का? फ्लॅट मुलीला द्यायचा म्हणून. आत्ताच का? का, का करत पाचव्याला काकू म्हणाल्या, "हे आधी गेले तर मला या घरातून कोणी हलवू नये." म्हणजे त्यांना कागद नको होता, शांत झोप हवी होती. ते वाक्य मसुद्यात घातलं. काकूंनी माझा हात धरला आणि सोडेनात. मला इतका आनंद झाला मामा, की त्या दिवशी मी घरी चालत गेले.

एक विचारू? स्वयंपाकघराचं मामीला विचारून केलंस ना? तिथे गिऱ्हाईक कोण आहे?

तुझी,
ऋतिका

*

गोराई, बोरिवली
९ डिसेंबर २०२४

चि. ऋतिका हिस आशीर्वाद.

शाब्बास! अस्मिताला माझ्याकडून एक पेढा जास्त दे.

गिऱ्हाईक कोण म्हणजे काय? गिऱ्हाईक मी. जेवतो मी. आणि तक्रार काही नाही म्हटलं तरी सुधारणा थांबवायची नसते. आता भाकऱ्यांवर लक्ष दिलंय. तुझी मामी पीठ मळते, मग डबा बंद करायला जाते, मग परत तव्याकडे. किती फुकटची पायपीट! मी दारात स्टूल टाकून बसतो आणि सांगतो. ती हो म्हणते. निदान मान हलवते.

सध्या ती घाटकोपरला पद्मजाकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे गेलीये. पद्मजाचे गुडघे धरलेत म्हणे. पिशवी भरून निघताना दारात उभी राहून बरंच काही बोलली. वर पंखा चालू होता. 'लवकर येते' असं काहीसं म्हणाली असणार. मी म्हटलं, "सावकाश ये."

आणि गंमत सांगतो. रात्री झोपायला गेलो तर माझ्या उशीवर लाल पट्टी! बघ, शेवटी तिलाही पद्धत पटली. उशी खरंच जुनी झाली होती, कापूस एका बाजूला गेला होता. उद्या नवी आणतो.

तुझा,
जयवंतमामा

*

मुलुंड पूर्व
१८ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

सोबतचा कागद वाचण्याआधी हे वाच आणि बसून वाच.

सोमवारी मामी ऑफिसात आली. मी उठून नमस्कार करायला गेले तर म्हणाली, "अगो, नंबर लागल्याशिवाय मी बोलूचंय नाय," आणि बाकावर एका बिल्डरच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली. पाळी आली तेव्हा समोर बसून म्हणाली, "माका नोटीस धाडूची आसा. तुझो मामो घरात कारखानो उघडून बसलो हा."

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, मी दिली नाही तर ती दुसऱ्या वकिलाकडे जाईल, आणि नीट उत्तर आल्याशिवाय गोराईला पाऊल टाकणार नाही. पद्मजामावशीचे गुडघे ठणठणीत आहेत मामा. कालच त्या दोघी बाजारात जाऊन बांगडे घेऊन आल्या.

तुझ्याविरुद्धची ही नोटीस मी तीनदा लिहून फाडली. पण दुसऱ्या कुणी लिहिण्यापेक्षा मी लिहिलेली बरी. आणि उशी बदलू नकोस. ती पट्टी उशीसाठी नव्हती.

ऋतिका

सोबत:

नोटीस

प्रति,
श्री. जयवंत पालव, गोराई, बोरिवली.

माझ्या अशील सौ. सुगंधा जयवंत पालव यांच्या सूचनेवरून व त्यांच्या वतीने आपणास कळवण्यात येते की:

१. उपरोक्त पत्त्यावरील स्वयंपाकघर लग्नापासून माझ्या अशिलांच्या निर्वेध ताब्यात व वहिवाटीत आहे.

२. आपण सेवानिवृत्तीनंतर सदर स्वयंपाकघरात विनापरवानगी प्रवेश करून भिंतीवर कढईचे चित्र काढले. कढई कुठे असते हे माझ्या अशिलांना कढईपेक्षा जास्त माहीत आहे.

३. आपण बिडाचा तवा निरुपयोगी ठरवून पोटमाळ्यावर टाकला. घावणे महिन्याने होतात की वर्षाने, हे ठरवण्याचा आपणास अधिकार नाही.

४. आपण दारात स्टूल टाकून बसता, त्यामुळे माझ्या अशिलांच्या भाकऱ्या फुगत नाहीत.

५. माझ्या अशिलांनी याबाबत आपणास वेळोवेळी तोंडी समज दिली. आपण तिची कोणतीही दखल घेतली नाही.

तरी ही नोटीस मिळताच आपण समाधानकारक उत्तर द्यावे. तोपर्यंत माझ्या अशील घाटकोपर येथे मुक्कामी राहतील.

ॲड. ऋतिका नेरूरकर

*

गोराई, बोरिवली
२७ डिसेंबर २०२४

चि. ऋतिका हिस आशीर्वाद.

नोटीस मिळाली. पोस्टमनने सही घेतली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी कुणाचं घर लुबाडलंय. खालच्या मजल्यावरच्या तेजलने ओरडून विचारलं, "काका, कोर्टाचं आहे का?" मी म्हटलं, भाचीचं आहे.

आधी राग आला. मग वाईट वाटलं. चूक झाली तर कारण शोधावं, म्हणून मी स्वतःला रीतसर विचारलं. सुगंधा का गेली? स्वयंपाकघर आवडलं नाही म्हणून. का आवडलं नाही? गैरसोय झाली म्हणून. का झाली? कढईची जागा तिच्या उंचीला फार वर होती. सापडलं कारण! सोबत नवा नकाशा पाठवतोय. कढई खाली घेतली, तवा पोटमाळ्यावरून उतरवला, स्टूल गॅलरीत ठेवलं. हे माझं उत्तर समज आणि तुझ्या अशिलाला दाखव.

एक मात्र खरं. पाचव्या कलमात लिहिलंय की तिने वेळोवेळी समज दिली. हे साफ खोटं आहे. ती एकदाही काही बोलली नाही. बोलली असती तर मी ऐकलं नसतं का? लाईनवरच्या पोरांना विचार, जयवंत पालव धावला नाही असं कधी झालं का.

घर टापटीप आहे. सगळं जागच्या जागी आहे, कारण कोणी काही उचलतच नाही. काल डाळभात केला. नावं लावलेल्या डब्यातून मीठ घेतलं, बरोबर घेतलं, तरी चव आली नाही. मला तुझ्या मामीशिवाय अजिबात करमत नाही गं. हे नकाशासोबत तिला सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
जयवंतमामा

*

मुलुंड पूर्व
६ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तुझं उत्तर मी ऑफिसात मोठ्याने वाचलं. 'ती एकदाही काही बोलली नाही' इथे आले आणि अस्मिताने घंटा वाजवली.

घाटकोपरला जाऊन नकाशा मामीला दाखवला. तिने चष्मा लावून बघितला, म्हणाली, "रेघ बरी मारता हा," आणि घडी घालून परत दिला. अशिलांना उत्तर मान्य नाही. तुला तिच्याशिवाय करमत नाही हे सांगितलं तेव्हा मात्र ती उठून आत गेली.

मामा, तू तिसऱ्या 'का'वर थांबलास. सामंतांच्या वेळी मी थांबले असते तर काकूंचं काय झालं असतं? उरलेले दोन मी मामीला विचारले. उत्तरं माझ्याकडे आहेत, पण सांगणार नाही. तूच शिकवलंस ना, घरी बसून कारण सापडत नाही, काम जिथे होतं तिथे जाऊन उभं राहायचं असतं. तर जा. घाटकोपर काही परदेशात नाही. नकाशा नेऊ नकोस.

संक्रांत जवळ आलीये. तिळगूळ घेऊन जा.

तुझी,
ऋतिका

*

गोराई, बोरिवली
२ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतिका हिस अनेक अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी कामात होतो. कुठल्या ते ऐक.

संक्रांतीला पद्मजाकडे गेलो. आत मिक्सर चालू. सुगंधा ओट्याशी उभी, पाठमोरी. मी तिळगूळ पुढे केला. तिने घेतला आणि बोलायला लागली. चांगली पाच-सहा वाक्यं बोलली. मी आपला "हो, हो, बरोबर" करत राहिलो. मग ती थांबली, मिक्सर बंद केला, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी आताच काय बोललंय? सांगा बघू."

मला सांगता येईना. एक शब्दही.

ती रागावली नाही गं. रागावली असती तर बरं झालं असतं. मला खाली बसवलं, पाणी दिलं, आणि कानाशी येऊन सावकाश सांगितलं. ती भिंतीवर रेघा काढल्या त्या दिवशी बोलली होती. तवा उचलला तेव्हा बोलली. दारात पंख्याखाली उभी राहून म्हणाली होती, "तुम्हाला ऐकूच येत नाही, तर मी इथे कुणाशी बोलू?" आणि मी म्हटलं होतं, सावकाश ये! ऋतिका, ती रोज दोरी ओढत होती. घंटा रोज वाजत होती. सुपरवायझर बहिरा होता.

हा तुझा चौथा 'का'. पाचवा तिने मला विचारला. "कानाचा मशीन कित्या नको?" आमची मुलं केव्हापासून मागे लागलीत. मी नेहमी म्हणायचो, लागत नाही. त्या दिवशी खरं सांगितलं. म्हटलं, मशीन लावलं की मी म्हातारा झालो. ती म्हणाली, "आणि नाय लावलात तर मी एकटी झालंय."

दुसऱ्या दिवशी घाटकोपरलाच दुकान गाठलं. ती सोबत होती. मशीन कानात बसवलं आणि रस्त्यावर आलो तर रिक्षा, भाजीवाला, कावळे, सगळं एकदम अंगावर आलं. मी घाबरून तिचा हात धरला. तिच्या बांगड्या वाजल्या. बांगड्या वाजतात हे मी विसरलोच होतो.

परवा ती घरी आली. तुझी नोटीस तिने देवघराच्या खणात ठेवलीये, मागे घेतलेली नाही, लक्षात असू दे म्हणते. भिंतीवरच्या रेघा मी पुसायला घेतल्या तर कढईची तेवढी राहू दे म्हणाली, ती बरी पडते. म्हणजे मी अगदीच वाया गेलो नाही. उशीवरची पट्टी तिने स्वतःच्या हाताने काढली. तुझा प्रश्न मला आता कळला. मी तिला गिऱ्हाईकही धरलं नाही आणि मालकीणही. ती दोन्ही आहे.

आज सकाळी ती बिडाच्या तव्यावर घावणे घालत होती. मी बाहेर पेपर वाचत होतो. आतून गाण्याचा आवाज आला. मला वाटलं रेडिओ. उठून बघितलं तर तीच गुणगुणत होती. लग्न झालं तेव्हा काम करताना गायची, मग कधीतरी बंद केलं असं मी धरून चाललो होतो. विचारलं, "परत कधीपासून गायला लागलीस?" तिने तव्यावरचं घावण उलटलं. म्हणाली, "मी थांबलंय कधी?"

मला तिथेच रडू आलं. कारखान्यात इतकी वर्षं मी फुकट काय जातंय ते शोधत राहिलो, आणि घरात एवढं मोठं फुकट चाललं होतं.

तू पाठवलेली पितळी घंटा पोचली. स्वयंपाकघराच्या दारावर बांधली आहे. काही खटकलं की तिने वाजवायची आणि मी हातातलं टाकून जायचं, असं ठरलंय. डाफरायचं नाही, हा नियम दोघांनाही लागू. आणि आता पत्रांची गरज नाही. फोन कर. हळू बोललीस तरी चालेल, मी उचलेन. रविवारी घावण्यांना ये, अस्मितालाही घेऊन ये, आणि सामंतांनाही, पीटरसकट

घंटा वाजली. जातो.

मामा